विमान उडवायचे, ठेव मोडायची नाही

घरातील ज्येष्ठांनी औषधपाण्यावर खर्च केला तर कोणी काही म्हणत नाही. यात्रेवर केला तर कौतुकच होते. परंतु त्यांनी स्वतःच्या एखाद्या छंदासाठी चार पैसे काढायचे ठरविले, की घरात दोन पक्ष पडतात. एक पक्ष म्हणतो, ‘या वयात हे कशाला?’ दुसरा प्रेमापोटी म्हणतो, ‘घ्यायचेच आहे तर उत्तमातले उत्तम घ्या.’ पहिल्या पक्षामुळे छंद बुडतो, तर दुसऱ्यामुळे ठेव मोडावी लागते. या दोहोंच्या मधला मार्ग हिशेबाने कसा शोधावा, हे आज एका प्रत्यक्ष उदाहरणावरून पाहू. विषय या सदराला थोडा नवखा आहे. मात्र रीत आपली नेहमीचीच आहे.

आमच्या सोसायटीतील एक स्नेही जिल्हा परिषदेच्या लेखा विभागातून निवृत्त झाले. वय अडुसष्ट. तरुणपणी वैमानिक होण्याची त्यांची फार इच्छा होती. परंतु दृष्टिदोषामुळे ती वाट बंद झाली. अलीकडे ते संगणकावर विमान उडवितात. ‘फ्लाइट सिम्युलेटर’ या नावाने ओळखली जाणारी ही प्रणाली म्हणजे पोरखेळ नव्हे. मायक्रोसॉफ्टने तिची पहिली आवृत्ती १९८२ साली बाजारात आणली, आणि आजच्या आवृत्त्यांत उपग्रहचित्रांवरून तयार केलेली अवघी पृथ्वी, खरी धावपट्टी, खरे हवामान हे सारे पडद्यावर येते. जे. आर. डी. टाटा यांनी १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईच्या जुहू धावपट्टीपर्यंत टपाल आणले, तो मार्ग स्वतः उडून पाहायचा, हा आमच्या स्नेह्यांचा ध्यास होता. अडचण एवढीच, की सात वर्षांच्या जुन्या संगणकावर विमान जुहूजवळ येताच दृश्य अडखळू लागे आणि नेमक्या उतरण्याच्या क्षणी पडदा गोठून जाई.

बेंगळुरूच्या मुलाने तत्परतेने नव्या संगणकाचे १,६२,००० रुपयांचे कोटेशन पाठविले. मुलीने स्पष्ट विरोध केला. स्नेह्यांच्या हाताशी वर्षभरात निवृत्तिवेतनातून बाजूला पडलेले ४०,००० रुपये होते; बाकीच्यासाठी मुदत ठेव मोडावी लागणार होती. ती ठेव त्यांनी दोघा पतिपत्नींच्या आजारपणासाठी राखून ठेवलेली. ते कोटेशन घेऊन माझ्याकडे आले आणि म्हणाले, “साहेब, मुलाचेही मन मोडवत नाही आणि मुलीचेही बोलणे खोटे वाटत नाही. तुम्ही कर्जाचे प्रस्ताव तपासत होतात; हाही तसाच तपासून द्या.”

कर्जप्रस्ताव तपासताना पहिला प्रश्न रकमेचा नसतो, हेतूचा असतो. येथेही तेच. कोणते विमान उडवायचे, कोठे उडवायचे, आणि किती मोठ्या पडद्यावर? सेस्ना १७२ सारखे लहान विमान खेड्यापाड्यांवरून नेणे संगणकाला तुलनेने सोपे जाते. मोठे प्रवासी विमान, त्यातील डझनभर पडद्यांवर सतत बदलणारी माहिती, आणि खाली मुंबईसारखे दाट वस्तीचे शहर असा योग आला, की चांगल्या यंत्रालाही घाम फुटतो. स्नेह्यांना लहान विमानच हवे होते आणि त्यांचा बावीस इंची मॉनिटर त्यांना पुरेसा होता. हेतू स्पष्ट होताच निम्मे कोटेशन अनावश्यक ठरले.

आता यंत्रातील प्रत्येक भागाचे काम काय, ते बँकेच्या शाखेच्या उदाहरणाने सांगतो. प्रोसेसर म्हणजे शाखेतील अधिकारीवर्ग. आजच्या प्रोसेसरमध्ये सहा, आठ किंवा अधिक ‘कोअर’ असतात, म्हणजे तितके अधिकारी. परंतु विमानाच्या या प्रणालीत बरेचसे काम एका मुख्य टेबलावरूनच पुढे सरकते. पूर्वी शाखेत दहा कारकून असले तरी चेक पास करणारा अधिकारी एकच असे आणि रांग त्याच्या टेबलाशी तुंबे, तसेच येथे होते. म्हणून केवळ कोअरची संख्या मोजून प्रोसेसर घेऊ नये. एकेका कोअरचा वेग आणि त्याच्या हाताशी असलेली ‘कॅश’ स्मृती पाहावी. एएमडी कंपनीचा रायझन ७ ५८००एक्स३डी हा २०२२ साली आलेला प्रोसेसर विमानप्रेमींमध्ये नावाजला गेला, तो याच कारणाने. कोअर आठच, परंतु कॅश ९६ एमबी. लागणारा कागद रेकॉर्ड रूममधून न आणता टेबलाच्या खणातच मिळावा, तसा हा प्रकार आहे.

ग्राफिक्स कार्ड म्हणजे चित्रकार. मुख्य टेबलावरून हुकूम आला, की दर सेकंदाला अनेक चित्रे काढण्याचे काम त्याचे. त्याच्यावरील बोजा पडद्यावरील बिंदूंच्या संख्येवर ठरतो. १९२० गुणिले १०८० या नेहमीच्या पडद्यावर २०,७३,६०० बिंदू असतात. ‘४के’ पडद्यावर ८२,९४,४०० म्हणजे बरोबर चौपट. कोटेशनमध्ये ४के मॉनिटर होता, म्हणून महागडे कार्ड होते; महागडे कार्ड होते, म्हणून मोठा एसएमपीएस आणि मोठे कॅबिनेट होते. एका चुकीच्या नोंदीमुळे संपूर्ण ताळेबंद फुगावा, तसा हा प्रकार. कार्डाची स्वतःचीही स्मृती असते. ती भरून गेली की दृश्य अडखळते. म्हणून आज या छंदासाठी कार्ड घेताना ८ जीबीपेक्षा कमी स्मृतीचे घेऊ नये, असे माझे मत आहे.

रॅम म्हणजे कामाचे टेबल आणि हार्ड डिस्क म्हणजे रेकॉर्ड रूम. टेबल लहान असेल तर शिपायाला सारखे रेकॉर्ड रूमकडे धावावे लागते. जुनी फिरती हार्ड डिस्क सेकंदाला साधारण १०० ते २०० एमबी माहिती देते; साटा एसएसडी सुमारे ५५० एमबी; आणि एनव्हीएमई प्रकारची एसएसडी त्याच्या कित्येक पट. मात्र येथे एक गोष्ट लक्षात ठेवावी. एसएसडीमुळे प्रणाली लवकर सुरू होते, उड्डाण लवकर चढते, मध्येच येणारे झटके कमी होतात. परंतु दर सेकंदाच्या चित्रांची संख्या तिच्यामुळे फारशी वाढत नाही. त्यामुळे साध्या साटा एसएसडीनेही काम भागते.

चित्रांच्या या संख्येला ‘एफपीएस’ म्हणतात. ६० एफपीएस म्हणजे प्रत्येक चित्रासाठी सुमारे १६.७ मिलिसेकंद, तर ३० एफपीएस म्हणजे ३३.३ मिलिसेकंद. धावपळीच्या, गोळीबाराच्या खेळांना साठही अपुरे वाटतात. विमानातून दिसणारी धरती मात्र संथपणे सरकते. तेथे स्थिर तीस पुरेसे होतात. क्षणात पन्नास आणि क्षणात पंधरा यापेक्षा अखंड तीस केव्हाही बरे. महिन्याचे उत्पन्न थोडे असले तरी नियमित असावे, हे निवृत्तांना वेगळे सांगायला नको.

पैसा काढण्यापूर्वी दुखणे कोठे आहे, हे मोजले पाहिजे. आणि ही तपासणी विनाखर्च होते. मायक्रोसॉफ्टच्या प्रणालीत ‘डेव्हलपर मोड’ सुरू करून एफपीएसची खिडकी उघडली, की अडचण ‘मेनथ्रेड’मुळे म्हणजे प्रोसेसरमुळे आहे, की ‘जीपीयू’मुळे म्हणजे ग्राफिक्स कार्डामुळे, ते तेथेच लिहून येते. कोणत्याही प्रणालीला लागू पडणारी आणखी सोपी युक्ती अशी : त्याच जागी, त्याच हवामानात उड्डाण ठेवून पडद्याचे रिझोल्यूशन कमी करावे. एफपीएस वाढले तर कार्ड कमी पडते. जवळजवळ तेवढेच राहिले तर प्रोसेसर कमी पडतो. स्नेह्यांच्या यंत्रावर मोकळ्या रानावर उडताना आकडा बावीसवरून चौतीसवर गेला. मुंबईवर मात्र जेमतेम दोनने वाढला. याचा अर्थ, सर्वसाधारण उड्डाणात कार्ड अपुरे आणि दाट शहरावर प्रोसेसरही थकलेला.

यानंतर प्रणालीच्या अपेक्षा पाहिल्या. स्नेह्यांकडे २०२० ची आवृत्ती होती. तिच्यासाठी कंपनीने सुचविलेले यंत्र म्हणजे इंटेलचा आय-५ ८४०० प्रोसेसर, १६ जीबी रॅम आणि जीटीएक्स ९७० कार्ड. किमान अपेक्षा ८ जीबी रॅमची आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेल्या पुढच्या आवृत्तीने किमान रॅमच १६ जीबी केली आणि सुचविलेली ३२ जीबी. म्हणजे आवृत्ती बदलली की यंत्राचा खर्चही बदलतो. कोटेशन काढणाऱ्या दुकानदाराने कोणती आवृत्ती चालवायची, हे विचारलेच नव्हते. योगायोग असा, की स्नेह्यांच्या यंत्रात नेमका आय-५ ८४०० होता! सोबत ८ जीबीची एकच रॅम पट्टी, ४ जीबीचे जीटीएक्स १०५० टीआय कार्ड, फिरती हार्ड डिस्क आणि बिननावाचा एसएमपीएस. प्रोसेसर सुचविलेल्या पात्रतेत बसत होता. उणीव बाकीच्यांत होती.

हा प्रोसेसर राखून ठेवण्यास आणखी दोन कारणे होती. विंडोज १० साठीचा मायक्रोसॉफ्टचा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि विंडोज ११ अधिकृतपणे चालण्यासाठी इंटेलचे प्रोसेसर सर्वसाधारणपणे आठव्या पिढीचे किंवा पुढचे असावे लागतात. आय-५ ८४०० आठव्याच पिढीचा. दुसरे असे, की नव्या पिढीचा प्रोसेसर घ्यायचा तर त्याच मदरबोर्डवर तो बसत नाही. मदरबोर्ड आणि बहुधा रॅमही बदलावी लागते. म्हणजे एका वस्तूचा खर्च तिन्ही वस्तूंचा होतो. ज्यांचा बोर्ड एएमडीच्या ‘एएम४’ प्रकारचा आहे, त्यांची गोष्ट निराळी. त्यांतील बऱ्याच जुन्या बोर्डांवर बायोस अद्ययावत करून रायझन ५००० मालिकेचे प्रोसेसर बसतात. तेथे केवळ प्रोसेसर बदलून मोठा लाभ पदरात पडतो. म्हणून कोणाचे पाहून खरेदी करू नये. आपल्या बोर्डाचे नाव आणि निर्मात्याच्या संकेतस्थळावरील सुसंगत प्रोसेसरांची यादी आधी पडताळावी.

आता ४०,००० रुपयांची विभागणी. संगणकाच्या भागांचे दर, विशेषतः रॅमचे, महिन्यागणिक वरखाली होतात. म्हणून येथे किमती न देता शेकडा प्रमाण देतो. निम्मी रक्कम ग्राफिक्स कार्डाला. दहा टक्के एसएमपीएसला. पंधरा टक्के एसएसडीला. दहा टक्के रॅमला. उरलेले पंधरा टक्के जॉयस्टिकला. दर बदलतील तशी ही प्रमाणे थोडी सरकतील. क्रम मात्र सांभाळावा, आणि तो क्रम किमतीचा नसून लाभाचा असावा.

पहिली खरेदी रॅमची. आहे त्याच वेगाची, शक्यतो त्याच बनावटीची ८ जीबीची दुसरी पट्टी. दोन पट्ट्या जोडीने काम करतात तेव्हा प्रोसेसरला माहिती दुहेरी मार्गाने मिळते. एकच पट्टी म्हणजे दुपदरी रस्त्याचा एक पदर बंद ठेवणे होय. मात्र बोर्डावर खाच रिकामी आहे ना, ते कॅबिनेट उघडून पाहावे. दुसरी खरेदी एसएसडीची. २०२० च्या आवृत्तीला १५० जीबी जागा लागते, हे लक्षात घेऊन किमान ५०० जीबीची घ्यावी. जुनी हार्ड डिस्क फेकू नये. छायाचित्रे व कागदपत्रे तेथेच राहू द्यावीत.

तिसरी खरेदी जॉयस्टिकची, आणि ती कार्डाच्या आधी, हे वाचून तरुणांना नवल वाटेल. तिच्यामुळे एफपीएस एकानेही वाढत नाही. परंतु कळफलकावर बोटे आपटून विमान उतरविणे आणि हातात दांडा धरून उतरविणे यांत सायकलच्या चित्रात आणि सायकलीत असतो तेवढा फरक आहे. दांडा स्वतःभोवती फिरवून शेपटीचे सुकाणू वळविता येईल आणि खाली इंजिनाच्या शक्तीसाठी सरकपट्टी असेल, अशी जॉयस्टिक घ्यावी. मग पायाने दाबायचे वेगळे पेडल तूर्त लागत नाहीत. लॉजिटेकची एक्स्ट्रीम थ्रीडी प्रो किंवा थ्रस्टमास्टरची टी.१६०००एम या त्या जातीच्या. दुसरीत चुंबकीय सेन्सर असल्याने घर्षणाने होणारी झीज टळते. पहिली सहसा स्वस्त पडते.

यानंतर कार्ड आणि एसएमपीएस, एकाच वेळी. जुने १०५० टीआय कार्ड ७५ वॅटवर चालते आणि ती वीज त्याला मदरबोर्डाच्या खाचेतूनच मिळू शकते. आरएक्स ६६०० कार्डाला १३२ वॅट लागतात, आरटीएक्स ३०६० ला १७०. आणि दोघांनाही एसएमपीएसमधून स्वतंत्र जोडणी हवी. प्रोसेसरचे ६५ वॅट आणि इतर भागांचे पन्नास-साठ धरले तरी एकूण बेरीज ३०० च्या आसपास येते. त्यावर सुरक्षित अंतर ठेवून ‘८० प्लस’ प्रमाणपत्र असलेला ५५० वॅटचा एसएमपीएस घ्यावा. बिननावाच्या पेटीवर छापलेला वॅटचा आकडा म्हणजे तारण न तपासलेले मूल्यांकन. तिच्या भरवशावर वीस हजारांचे कार्ड जोडू नये. कार्डाची लांबी कॅबिनेटमध्ये मावते की नाही, हेही टेप लावून मोजावे.

जुने, वापरलेले कार्ड स्वस्त मिळते, त्याचे काय? मिळते खरे, परंतु मूळ जीएसटी बिल, अनुक्रमांकावरून उरलेली वॉरंटी आणि आपल्यासमोर अर्धा तास भारावर चालवून दाखविण्याची तयारी, या तीन गोष्टी असतील तरच घ्यावे. एसएमपीएस मात्र वापरलेला मुळीच घेऊ नये. चमकणारे रंगीत दिवे, काचेचे कॅबिनेट, पाण्याने थंड होणारा पंखा यांवर या अंदाजपत्रकात एक रुपयाही बसत नाही. त्याऐवजी कॅबिनेटमधील धूळ साफ करून घ्यावी. उष्णतेने प्रोसेसर आपला वेग आपणच कमी करतो, आणि कुंचला तर घरातच असतो.

एक खर्च कोटेशनमध्ये कधीच दिसत नाही, तो इंटरनेटचा. मायक्रोसॉफ्टच्या प्रणालीत जमिनीची चित्रे उड्डाणाच्या वेळीच उतरत राहतात. २०२० साठी २० एमबीपीएसचा आणि २०२४ साठी ५० एमबीपीएसचा वेग कंपनीने सुचविला आहे. ज्या गावी वेगवान जोडणी नाही, त्यांनी एक्स-प्लेनसारख्या प्रणालीचा विचार करावा. तिच्यात भूप्रदेश आधीच डिस्कवर उतरवून ठेवता येतो. आणि हा छंद आपल्याला रुचतो की नाही याचीच ज्यांना खात्री नाही, त्यांच्यासाठी फ्लाइटगिअर ही संपूर्ण विनामूल्य प्रणाली आहे. आधी ती महिनाभर चालवावी, मग खिशात हात घालावा.

आता मुलाच्या कोटेशनकडे लेखापालाच्या नजरेने पाहू. आयकराच्या नियमांत संगणकावर वर्षाला ४० टक्के घसारा धरतात. त्या दराने १,६२,००० रुपयांचे यंत्र पहिल्या वर्षाअखेर ९७,२००, दुसऱ्या वर्षी ५८,३२० आणि तिसऱ्या वर्षी सुमारे ३५,००० रुपयांचे उरते. प्रत्यक्ष बाजारात चित्र थोडे वेगळे असेल; दिशा तीच. उलट ठेव तीन वर्षांनी व्याजासह वाढलेली असते, आणि मुदतीपूर्वी मोडली तर व्याजातही कपात सोसावी लागते. छंदाचा खर्च उत्पन्नाच्या शिल्लकेतून करावा, आजारपणाच्या राखीव ठेवीतून करू नये, हा नियम मी मुलीच्या पक्षाचा म्हणून सांगत नाही. कारण तोच नियम उलट बाजूनेही लागू होतो : शिल्लक जर स्वतःच्या काटकसरीची असेल, तर ती आवडत्या गोष्टीवर खर्च करण्यास साठीनंतर कोणाच्या परवानगीची गरज नसावी.

स्नेह्यांनी खरेदी तीन हप्त्यांत केली आणि प्रत्येक टप्प्यावर आकडे वहीत टिपले. सेटिंगमध्ये ‘टेरेन लेव्हल ऑफ डिटेल’ आणि विमानतळावरील वाहनांची गर्दी कमी केली, एफपीएस तीसवर बांधले. त्याला पैसे पडले नाहीत. रॅम आणि एसएसडीने झटके गेले. कार्डाने दृश्य स्वच्छ झाले. मुंबईच्या दाट भागावर आकडा अजूनही तिसाखाली येतो; तेवढी उणीव त्यांनी समजून स्वीकारली आहे. मुलाला त्यांनी वहीची छायाचित्रे पाठविली. त्याने यंदाच्या वाढदिवसाला पायाची पेडल्स देऊ केली आहेत, आणि मुलीचा आक्षेप आता केवळ रात्री अकरानंतरच्या उड्डाणांपुरता उरला आहे.

वाचकहो, आपल्या घरी असा प्रश्न आला तर कोटेशन मागविण्यापूर्वी एका कागदावर चार उत्तरे लिहावीत : काय उडवायचे, कोणत्या आवृत्तीत, सध्या अडते कोठे, आणि शिल्लक किती. तो कागद दुकानदारासमोर ठेवावा. प्रत्येक भागाचे वेगळे जीएसटी बिल अनुक्रमांकासह घ्यावे आणि वॉरंटी संपेपर्यंत खोके जपून ठेवावे. सारे भाग एकाच दिवशी घेण्याचा आग्रह मात्र धरू नये. एक भाग बसवावा, आठवडाभर उडवून पाहावे, आणि पुढचा खरोखरच हवा आहे का, हे मग ठरवावे.